मुरलेलं बीड

टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायची. ताकद वाढते, तसा पिस्टन, कनेक्टिंग रॉड, ब्लॉक साऱ्यांवरचा ताणही. 1962 मध्ये बीएमडब्ल्यू 1500 या साध्या मोटारीचं इंजिन होतं 80 अश्वशक्तीचं. त्याच घराण्यातल्या बिडाच्या ब्लॉकमधून पॉल रोशे यांनी शर्यतीसाठी 600हून अधिक अश्वशक्ती काढली. पिस्टन घडीव घेतले, हे ओघानंच आलं. पण ब्लॉक? मुद्दाम लाखभर किलोमीटर धावलेले जुने! ओतकामात अडकलेला ताण वर्षानुवर्षं तापून-निवून सुटलेला असतो. असा ब्लॉक ऐन शर्यतीत सहसा वाकत नाही. लोणच्यासारखं मुरलेलंच म्हणा ना! 1983 मध्ये याच इंजिनावर नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. टर्बोवर हा मान मिळवणारा तो पहिलाच.