उलट्या कंगव्याची कुळकथा

कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढं-मागं चोळा. केस हळूहळू एका बाजूला सरकू लागेल. बोटं कितीही वेळा मागं-पुढं झाली तरी तो त्याच बाजूला जाईल. ज्या टोकाकडे तो सरकतो, ते त्याचं मूळ.

केसाला दिशा असते ती अशी. त्याच्या अंगावर केराटिनचे बारीक खवले असतात, एकावर एक सहा ते आठ थर, कौलारू छपरासारखे रचलेले. कौलांवरून पाणी वरून खाली विनासायास ओघळतं, पण हात खालून वर फिरवला की प्रत्येक कौलाची कड बोटाला लागते. केसाचंही तसंच. मुळाकडून टोकाकडे कंगवा घसरतो, टोकाकडून मुळाकडे नेला तर अडतो. आज पार्लरमध्ये ज्याला बॅक कोम्बिंग म्हणतात, ती सगळी कला या अडण्यावर उभी आहे. बट सरळ धरायची आणि कंगवा मुळाच्या दिशेनं उलटा दाबत न्यायचा. काही केस दुमडून खाली बसतात, त्यांचे खवले शेजारच्या केसांत गुंततात, मध्ये हवा अडकते आणि एक छोटी उशी तयार होते. तिच्यावर वरचे गुळगुळीत केस पांघरले की डोकं भरघोस दिसतं.

हा गुण माणसानं प्रथम ओळखला तो मेंढीच्या लोकरीत. लोकर ओली करून मळली, चोळली की तिचे तंतू आपापल्या मुळाच्या दिशेनं सरकत एकमेकांत घुसतात आणि विणल्याशिवाय कापड तयार होतं. काश्मिरी नमदा असाच बनतो. म्हणून उलट्या कंगव्याचं कूळ शोधायला न्हाव्याच्या दुकानाआधी लोकर आणि कापूस हाताळणाऱ्यांच्या दारात जावं लागतं. शब्दांनीही ही नाती जपली आहेत. अमेरिकेत या प्रकाराला ‘टीझिंग’ म्हणतात. आपल्याला तो शब्द चिडवणं या अर्थानं ठाऊक आहे, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता लोकरीचे तंतू ओढून मोकळे करणं. कापडावर लव उठवायला तिथले विणकर ज्या काटेरी बोंडाचं झाड लावत, त्या ‘टीझल’चं नावही त्याच धातूतलं. फ्रेंच लोक ‘क्रेपे’ म्हणतात. आपण दुकानात ज्याला क्रेप म्हणतो त्या चुणीदार कापडाचं हेच घराणं. त्या भाषेत दोन बायकांचं कडाक्याचं भांडण म्हणजे एकमेकींचा अंबाडा ‘क्रेप’ करणं!

आणि मराठी? आपण तर या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट बोलतो. धनुकलीनं कापूस मोकळा करणारा तो पिंजारी, आणि विस्कटून फुगलेले केस ते पिंजारलेले. गादीतला दबलेला कापूस पिंजला की वजन तेवढंच राहून ढीग दुप्पट दिसतो, कारण त्यात हवा शिरते. केसांचंही हेच होतं हे आपल्या भाषेला कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त आपल्याकडे पिंजारलेले केस हे शोकाचं, वेडाचं किंवा घाईचं लक्षण राहिलं. त्याची शोभा बनवली ती दुसरीकडे.

ती बनली १८व्या शतकातल्या फ्रान्समध्ये, आणि तिथं थोडं थांबायला हवं. राणी मारी आंत्वानेतचा केशरचनाकार लेओनार ओतिए यानं १७७४च्या सुमारास ‘पूफ’ नावाची रचना गाजवली. डोक्यावर लोकरीची किंवा घोड्याच्या केसांची उशी ठेवायची, खालचे केस उलटे विंचरून तिच्याभोवती घट्ट बसवायचे, प्राण्यांच्या चरबीचं पोमेड चोपडायचं आणि वरून पिष्टाची पांढरी पूड उडवायची. या डोंगरावर मग पिसं, फुलं, खेळण्यातली माणसं. त्याच वर्षी सोळाव्या लुईनं देवी टोचून घेतल्या, तर त्या टोचणीच्याही नावाचा एक पूफ निघाला. १७७८मध्ये ‘बेल पूल’ या युद्धनौकेनं इंग्रजांशी झुंज दिली, तेव्हा डोक्यावर शिडांसकट जहाज दाखवणारी रचना आली. आपण ही चित्रं पाहून थक्क होतो ते जहाजाकडे बघून. मला मात्र त्याखालचा पाया अधिक विलक्षण वाटतो. एवढा भार तोलायचा तर मुळाशी केस किती काटेकोर पिंजारावे लागले असतील! त्या कारागिरांना खवल्यांचा पत्ता नव्हता, पण कंगवा कुठल्या दिशेला धरतो हे त्यांच्या बोटांना पक्कं माहीत होतं.

मात्र एवढी मेहनत केलेली रचना रोज उतरवणं परवडत नसे. ती आठवडेच्या आठवडे तशीच राही आणि खाजवायला लांब दांडीची काठी वापरत. उभारायची कला कळसाला पोचली, उतरवायची दुर्लक्षित राहिली. या कुळाचा हा जुना दोष आहे आणि तो पुढंही चालत आला. क्रांतीनं फ्रान्समधली ही डोकी खाली आणली. इंग्लंडमध्ये १७९५ साली केसांच्या पुडीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसला आणि पूडही ओसरली.

१९व्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स डाना गिब्सन या अमेरिकी चित्रकारानं रेखाटलेल्या तरुणींमुळे फुगीर केस पुन्हा आले. आता आधाराला घोड्याचे केस नकोत. बायका स्वतःचंच गुंतवळ साठवू लागल्या. त्यासाठी मध्ये भोक असलेल्या झाकणाचं चिनी मातीचं भांडं आरशापुढं ठेवलेलं असे. साठलेल्या केसांच्या गुंडाळीला ‘रॅट’ म्हणजे उंदीर म्हणत. ती आत ठेवून वर केस पिंजारायचे. आपल्याकडेही गुंतवळ कुणी सहजासहजी फेकत नसे. दारावर येणाऱ्या बायका ते घेऊन बदल्यात डबा-भांडं देत. आपल्या गंगावनाचं आणि त्या उंदराचं काम एकच, केसांना केसांचाच आधार देणं.

विसाव्या शतकात या कुळात एक अनपेक्षित नातेवाईक आला, तो दुसऱ्या महायुद्धातून. डासांनी अमेरिकी सैनिक बेजार झाले होते, तेव्हा लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी दाबाखाली कीटकनाशक भरलेला फवाऱ्याचा डबा तयार केला. जर्मनीत वॉल्टर रेपे यांच्या संशोधनातून आलेलं पीव्हीपी हे रसायन जखमी सैनिकांना रक्तद्रवाऐवजी देत. शांततेच्या काळात डब्याचं तंत्र आणि हे रसायन एकत्र आली आणि हेअर स्प्रे घरोघर पोचला. पोमेडची चिकट चरबी गेली. पिंजारलेली उशी आता पातळ, पारदर्शक पापुद्र्यानं जागच्या जागी राहू लागली.

त्यामुळेच १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विन्सी हेल्ट यांना ‘बीहाइव्ह’ रचता आला. एका व्यावसायिक मासिकानं त्यांच्याकडे नव्या दशकासाठी काहीतरी नवीन मागितलं होतं. त्यांच्याकडे काळ्या मखमलीची एक लहानशी टोपी होती. ती काढली तरी केसांचा आकार टोपीसारखाच राहावा, अशी त्यांची कल्पना. टोपीवर मधमाश्यांसारखे दिसणारे मणी होते, म्हणून नाव पडलं मधमाश्यांचं पोळं. ही रचना आठवडाभर टिके. बायका रात्री डोकं गुंडाळून झोपत. लगेच अफवाही उठली, की एका मुलीनं पोळं उतरवलंच नाही आणि आत कोळी झाला. हीच गोष्ट तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशांच्या कथासंग्रहात आहे, तिथं नट्टापट्टा करणाऱ्या बाईच्या केसांत सैतान कोळी होऊन बसतो. लोकांना भीती पिंजारण्याची कधीच नव्हती, न सोडवण्याची होती.

त्याच दशकात हिंदी चित्रपटांतून हे फुगीर डोकं आपल्याकडे आलं. ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’मधली (१९६७) शर्मिला टागोर आठवा. मराठी घरांनी त्याला ‘पफ’ म्हटलं. तो आजही नवरीच्या मुंडावळ्यांच्या मागं उभा असतो, त्याच्यामागं अंबाडा आणि मोगऱ्याचा गजरा.

माझ्या भाचीच्या लग्नातला असाच पफ मध्यरात्री मी सोडवायला बसले. तिनं आधीच घाईनं ब्रश घेऊन मुळापासून खाली तीनदा ओढला होता आणि तिच्या हातात गुंतवळाची मूठ होती. “मावशी, या फॅशननं केस जातात,” ती रडवेली होऊन म्हणाली. फॅशननं नव्हे गं, ओढण्यानं, मी म्हटलं.

कारण असं. उलट्या दिशेनं गेलेला कंगवा खवले थोडे उचलतो, हे खरं. पण तो एकाच दिशेनं, हलक्या हातानं, दोन-तीनदाच नेला आणि दर वेळी बाहेर काढून पुन्हा वर घेतला तर नुकसान थोडं. करवतीसारखा वर-खाली चालवला की खवले तुटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे हातभर केसाचं टोक तीन-चार वर्षं उन्हापावसात झिजलेलं असतं. म्हणून पिंजारायचं ते मुळाशी, जिथं खवल्यांचे थर शाबूत असतात, टोकांशी नाही. ओला केस फुगलेला आणि ताणला जाणारा, त्याला उलटा कंगवा अजिबात नको. सरळ करून घेतलेल्या, ब्लीच केलेल्या केसांनाही नको. न्हायल्यावर दुसऱ्या दिवशीचे कोरडे केस सगळ्यांत चांगले. बट बोटभर रुंदीची, स्प्रे हात लांब धरून. आणि हे लग्नाकार्यापुरतं, रोज नव्हे, कारण केस म्हणजे मृत पेशी, तुटलेला खवला पुन्हा उगवत नाही.

भाचीच्या केसांना मी खोबरेल लावलं, बोटांनी टोकाकडून सुरुवात केली. वरची बट डाव्या हातानं घट्ट धरून ठेवायची म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. मग रुंद दातांचा कंगवा, आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मूळ. पाऊण तास लागला. पुढच्या आंघोळीला त्यात कुठेच गाठ नव्हती.

तेव्हा तुमच्या घरी लग्न असेल, तर नवरीचा पफ कोण घालणार हे ठरवताना तो रात्री कोण सोडवणार हेही ठरवा. आणि कितीही दमली तरी तिला तसंच झोपू देऊ नका.