मादी झाडाची पारख : गांजाची शेती, पोद्दार आणि अबकारी खाते

गांजाचे झाड विभक्तलिंगी आहे. नर फुले एका झाडावर येतात, मादी फुले दुसऱ्या झाडावर. पपईच्या बागेतही नर आणि मादी वेगळे असतात, पण तेथे फळ धरावे म्हणून थोडे नर राखावे लागतात. गांजाच्या शेतात उलट आहे. तेथे एकही नर राहून चालत नाही. मादी फुलोऱ्याभोवतीच्या बारीक पानांवर राळ पाझरते आणि गांजाची किंमत तिच्यावर ठरते. परागकण मिळाले की झाडाची सारी ताकद बी भरण्याकडे वळते, राळ कमी पडते आणि मालात बियांचे वजन वाढते. परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे एका चुकलेल्या नराचे नुकसान त्याच्या सरीपुरते थांबत नाही. शेजारच्या शेतालाही ते भोगावे लागते. जुन्या काळी या पिकातले सर्वांत अवघड काम पेरणी किंवा कापणी नव्हते. वेळेआधी नर ओळखून तो उपटणे हे होते.

फुलावर येईपर्यंत दोन्ही झाडे जवळजवळ सारखी दिसतात. पुढे नर थोडा उंच व सडपातळ होतो, लवकर फुलतो आणि त्याला सुटे, लोंबते घोस येतात. मादी बुटकी, दाट पानांची असते व जास्त दिवस टिकते. मात्र घोस लोंबू लागेपर्यंत वाट पाहिली तर पराग उधळून गेलेले असतात. खरी खूण त्याआधी पानाच्या बेचक्यात सापडते. नराच्या बेचक्यात देठावरची गोल, बंद कळी असते, तर मादीच्या बेचक्यात टोकदार आवरणातून बाहेर डोकावणारे दोन पांढुरके केस. ही खूण एवढी लहान असते की दाट पिकात वाकून, फांदी फांदी हाताने उलगडून ती शोधावी लागते.

झाडांनाही नर-मादी असतात, हे शास्त्राने मान्य करायला बराच काळ लागला. आपल्याकडे सुतासाठी ताग लावतात तसा युरोपात गांजाचाच भाऊबंद लावला जाई. तेथले शेतकरी बी धरणाऱ्या दांडग्या झाडाला नर म्हणत आणि आधी वाळून जाणाऱ्या नाजूक झाडाला मादी. 1694 मध्ये जर्मनीतल्या कामेरारिउसने वनस्पतींच्या लिंगभेदावर लिहिले तेव्हा प्रयोगासाठी घेतलेल्या झाडांत हेही झाड होते. त्याच्या चार वर्षे आधी, 1690 मध्ये, मलबारच्या वनस्पतींवरील व्हॅन ऱ्हीडच्या ग्रंथाचा दहावा खंड निघाला. त्यात गांजाच्या नर आणि मादी झाडांची स्वतंत्र चित्रे आहेत. स्थानिक वैद्यांच्या माहितीवर उभ्या राहिलेल्या या ग्रंथात दोन्ही झाडे आपापल्या नावांनी येतात. या वनस्पतीचे वर्णन पश्चिम किनाऱ्यावर त्याहूनही आधी छापले गेले होते. 1563 मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ताचा संवादरूप ग्रंथ निघाला आणि त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे 1753 मध्ये लिनियसने झाडाला शास्त्रीय नाव दिले आणि 1785 मध्ये लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही वेगळी जात मानली.

नर काढण्याच्या कामाची सर्वांत तपशीलवार नोंद महाराष्ट्रातली नाही, बंगालमधली आहे. राजशाही, बोगरा आणि दिनाजपूर या जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळत, त्या नौगाव भागात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. त्या शेतीवर 1877 मध्ये हेमचंद्र केर यांनी आणि 1893 मध्ये डेव्हिड प्रेन यांनी अहवाल लिहिले. रोपे ऑगस्टमध्ये वाफ्यात तयार करून सप्टेंबरात उंचवट्याच्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत वरंब्यांवर लावत. शेण आणि पेंडीचे खत देत. फुलोरा येण्याच्या सुमारास खालच्या फांद्या छाटून टाकत, म्हणजे वारा खेळता राहतो आणि वाढ शेंड्याकडे जाते. गांजाची छाटणी म्हणून जुन्या नोंदींत जे काही येते ते मुख्यतः एवढेच.

त्यानंतर नोव्हेंबरात पोद्दार येई. बंगाली शेतकरी नर ओळखणाऱ्या जाणत्याला पोद्दार म्हणत आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला गांजाचा डॉक्टर म्हटले. मोबदला घेऊन तो सरींमधून फिरे आणि झाडावर हात फिरवत नर दिसला की तो मोडून पुढे जाई. मागून येणारा शेतकरी मोडलेली झाडे मुळासकट उपटी. एका फेरीने काम संपत नसे, कारण काही नर उशिरा खूण दाखवत. कधी मादी झाडावरच एखाद्या फांदीला नर फुले फुटत, तीही खुडावी लागत. पहिल्या फेरीनंतरचा हा सगळा पाठपुरावा शेतकऱ्याला स्वतः करावा लागे, फुलोरा पक्का होईपर्यंत जवळजवळ रोज. फेब्रुवारीत कापणी होई, मग झाडे वाळवून व पायांनी तुडवून चपटा माल करत किंवा गोल वळत, आणि गळलेल्या चुऱ्याची वेगळी प्रत ठरे. पोद्दाराच्या हातात कोणतेही यंत्र नव्हते आणि त्याच्याजवळ कोणतेही पुस्तक नव्हते. तरीही त्या सगळ्या भागाचे उत्पन्न, आणि सरकारचा महसूलसुद्धा, त्याच्या नजरेवर उभा होता. शेतीच्या इतिहासात अशा कसबी माणसाला मिळायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही.

मुंबई इलाख्यात गांजाची शेती देशावर होती. मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात आणि त्याखालोखाल साताऱ्याच्या बाजूला. विहिरीच्या पाण्यावरची बागायत, पावसाळा ओसरल्यावर कोरडी पडणारी हवा आणि हिवाळ्यातले स्वच्छ ऊन या पिकाला मानवते. राळेने चिकट झालेला फुलोरा ओलीत पटकन बुरसटतो. म्हणून भातखाचरांच्या कोकणात त्याची व्यापारी शेती रुजली नाही. पोद्दारासारखा वेगळा जाणता येथे नव्हता, नराची पारख शेतकरी स्वतःच करी. खुरपणी आणि विरळणी करणाऱ्या हातांनाच पुढे ही नजर येई. कापलेली झाडे उन्हात सुकवून खळ्यावर आणत, पायांनी तुडवत आणि थर रचून दडपत. त्यामुळे राळ फुलोऱ्यात बसे आणि माल चपटा होई. मुंबईच्या बाजारात जाणारा गांजा प्रामुख्याने या चपट्या जातीचा होता.

पनवेलचा या इतिहासाशी संबंध शेतीमुळे नाही, वाटेमुळे आहे. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता तयार झाला आणि देशावरचा माल घाट उतरून पनवेल बंदरात येऊ लागला. तेथून तो पडाव-मचव्यांनी खाडीतून मुंबईला जाई. 1852 मध्ये पनवेलला नगरपालिका आली ती या वर्दळीच्या भरात. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागल्यावर घाटमाथ्यावरचा मोठा व्यापार लोहमार्गावर गेला आणि बंदराचे महत्त्व ओसरले. तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. 1883 मध्ये तो कुलाब्याला जोडला गेला. त्याच्या हद्दीतल्या उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईत खपे, त्यामुळे अबकारी खात्याची नजर या पट्ट्यावर कायम असे. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर कायद्याने निर्बंध आले. गांजावर मात्र तोपर्यंत एवढा बंदोबस्त नव्हता.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्यात गांजा, भांग आणि चरस मादक द्रव्यांमध्ये धरले होते, पण महसूल मुख्यतः विक्रीच्या मक्त्यातून येई. दुकानांचा लिलाव व्हायचा आणि मक्तेदार आपली रक्कम वसूल करायचा. बंगालमध्ये मालाच्या वजनावर आणि प्रतीवर कर होता. म्हणूनच तेथे प्रत ठरवणाऱ्या प्रत्येक बाबीची, नर काढण्याचीसुद्धा, सरकारी कागदांत बारकाईने नोंद झाली. मुंबई इलाख्यात सरकारला दुकानापलीकडे पाहण्याची गरज पडली नाही आणि नगरच्या शेतकऱ्याचे कसब कागदावर फार थोडे उतरले.

2 मार्च 1893 रोजी ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी गांजावर प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी भारतीय हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. सदस्यांत मुंबई इलाख्यातले कलेक्टर ओमॅनी आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते. ताहीरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय सदस्यही होते. कमिशनने 1,193 साक्षीदार तपासले. त्यांत कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, दुकानदार आणि शेतकरी सगळे होते. वेडाच्या इस्पितळांचे जुने दप्तर पुन्हा तपासले गेले आणि गांजामुळे वेड लागल्याच्या अनेक नोंदी नीट चौकशी न करताच केलेल्या निघाल्या. 1894 च्या अहवालाने माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा निष्कर्ष काढला. बंदीऐवजी परवाना, कर आणि मर्यादित क्षेत्रातली शेती असा मार्ग त्याने सुचवला. पुढे मुंबई इलाख्यातही शेती मोजक्या जागी आणून वजनावर कर बसवण्याची पद्धत आली.

गांजा म्हणजे काय, हे ठरवताना कमिशनने शेतकऱ्याचीच नजर प्रमाण मानली. लागवडीतल्या मादी झाडाला बी धरू दिले नाही म्हणून ज्यावर राळ साठली, तो वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा. पाने म्हणजे भांग. राळ वेगळी खरवडली की चरस, आणि तो त्या काळी बहुतांश यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात उतरे. महाशिवरात्रीच्या थंडाईत घोटली जाणारी भांग आणि बैराग्याच्या चिलमीतला गांजा यांचे झाड एकच, पण कराच्या दृष्टीने त्या दोन वस्तू झाल्या.

वैद्यकात हा भेद वेगळ्या अंगाने येतो. शार्ङ्गधराच्या संहितेत भांग आणि अफू यांची उदाहरणे एकत्र दिली आहेत : पचण्याआधीच शरीरभर पसरणारी द्रव्ये म्हणून. जातीफलादि चूर्णासारख्या पाठांत भांगेची पाने शुद्ध करून घालतात. अशी औषधे पूर्वी वैद्याच्या घरीच बनत. एकोणिसाव्या शतकात ती कारखान्यात तयार होऊ लागली आणि त्या बदलात पनवेल आघाडीवर होते. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये येथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. आज औषधविषयक नियमांच्या ‘ई-1’ अनुसूचीत बियांखेरीज भांगेचा समावेश आहे आणि ती असलेले औषध वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचे असते.

मादी झाडाचा उल्लेख आंतरराष्ट्रीय कायद्यातही शिरला होता. 1925 च्या जिनिव्हा करारात ‘इंडियन हेम्प’ची व्याख्या मादी झाडाचे वाळलेले, राळ न काढलेले फुलोरे अशी होती. पोद्दार सरीत वाकून जो भेद करी, तोच येथे कलमात आला. 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मात्र हा शब्द गेला आणि या वंशाचे कोणतेही झाड नियंत्रणाखाली आले. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी तेवढी गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली. भारताने गांजाचा नशेसाठीचा वापर बंद करायला 25 वर्षांची मुदत मागून घेतली. मुंबई राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याने गांजा आणि भांग दोन्ही आधीच निर्बंधाखाली आणली होती.

14 नोव्हेंबर 1985 रोजी अंमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा अमलात आला. त्याच्या कलम 20 नुसार परवान्याविना गांजाचे झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड नर आहे की मादी, शेतात आहे की बंद खोलीत दिव्याखाली, याने गुन्ह्यात फरक पडत नाही. लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. सूत, बी आणि बागकामासाठीची लागवड कलम 14 खाली येते आणि उत्तराखंडाने 2018 पासून तसे परवाने दिले. सुताच्या शेतीत नराची किंमत उलट ठरते. त्याचे सूत तलम असते, फक्त तो आधी पिकतो आणि मादीबरोबर एकदम कापता येत नाही. ही अडचण टाळण्यासाठी युरोपात दोन्ही फुले एकाच झाडावर येणाऱ्या जाती तयार झाल्या. रोप कोवळे असतानाच पानाच्या तुकड्यावरून लिंग सांगणारी जनुकीय चाचणीही आता उपलब्ध आहे, आणि ज्या देशांत लागवड कायदेशीर आहे तेथे नर काढण्याचे काम पेरणीनंतर काही आठवड्यांतच उरकते.