दाखल्याची शहानिशा

राखीव जागेवर उभा राहणारा उमेदवार आपल्या जातीविषयी जे विधान करतो त्याची शहानिशा कोणी करावी आणि केव्हा करावी, या प्रश्नाचा मागोवा कोल्हापुरात घेऊ लागले, की तो निवडणुकीच्याही मागे, एका संस्थानी हुकमापर्यंत जातो. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, आणि या हुकमाची तामिली होते की नाही हे कळावे म्हणून प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस तक्ता सादर करावा, अशी तजवीजही त्यातच केली. झाडा मागितला होता तो अंमलदाराकडे; नोकरी मागणाऱ्याकडे नव्हे.

पुढे १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि ज्या घरांत पूर्वी अक्षराचा प्रवेश नव्हता त्या घरांतील मुलांची नावे शाळेच्या दप्तरात चढू लागली. प्रवेशाच्या वेळी मास्तरांनी नावापुढे लिहिलेली जात हाच आज नातवाच्या दाव्याचा आधार होऊन बसला आहे. दावा अनुसूचित जातीचा असेल तर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांचा असेल तर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाचा असेल तर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो; त्यासाठी आजोबांचा निर्गम उतारा, वंशावळ आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक धुंडाळावे लागते, आणि नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समिती व दक्षता पथक यांची पद्धत घालून दिली, आणि २००१ साली अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार स्पष्टपणे दावेदारावर टाकला. निवडणुकीत मात्र एक पळवाट राहिली: पडताळणीचा अर्ज केल्याची पावती जोडून उमेदवारी दाखल करावी आणि वैधता प्रमाणपत्र निवडून आल्यावर सहा महिन्यांत आणून द्यावे. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली. सहा महिन्यांची ही मुदत बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ऑगस्ट २०१८ मध्ये आला, तेव्हा त्या निवडणुकीत पावतीवर निवडून येऊन मुदत चुकविलेल्या अनेक नगरसेवकांची पदे एकाएकी धोक्यात आली. त्यांतील ज्यांचे दावे खरे होते पण समितीकडून कागद उशिरा मिळाला, त्यांनाही खोट्यांच्याच पंगतीत बसावे लागले. शासनाने यावर सहाची मुदत बारा महिन्यांची केली.

हा उपाय रोगावरचा नव्हे. मतदानानंतर ठरलेले सत्य मतदाराच्या उपयोगी पडत नाही. तोवर खोटा दावेदार सभागृहात ठराव करीत असतो आणि खरा हक्कदार घरी बसलेला असतो. पावतीवर उमेदवारी स्वीकारणे बंद करावे, आणि अर्ज वेळेत निकाली काढण्याची जबाबदारी समितीवर टाकून तिच्याकडूनही दर तिमाहीस तक्ता मागवावा. शाहू छत्रपतींच्या हुकमात ही सोय १९०२ सालीच होती.