कराची ते जुहू

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून इवल्याशा पस मॉथ विमानातून निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरले, तेही बैलगाडीतून आणलेले! दुपारी दोनच्या आत ते मुंबईत, जुहूला. सात-सव्वासात तास लागले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच मोडायचा. सरहद्दीचा प्रश्नच नव्हता.

जेट विमानाला हे जेमतेम ९०० किलोमीटर म्हणजे दीड तासाचे काम. पण एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. दुबईमार्गे जायचे तर अंतर ३००० किलोमीटरच्या वर, व्हिसाची दगदग वेगळीच. सरहद्द १९८२ सालीही होतीच. तरी त्याच तारखेला ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून जुहूला एकटे उडत आले.