संमिश्र पदार्थांतील उष्णताहानी : प्रकाशीय शोध

कार्बन तंतू आणि इपॉक्सी रेझीन यांच्या थरांपासून घडवलेला भाग अतिउष्णतेने दुबळा झाला आहे का, हे प्रकाशाच्या साहाय्याने ओळखण्याचे तंत्र. बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के संमिश्र पदार्थ असल्याने विमान-देखभालीत त्याचे महत्त्व मोठे आहे.

१२ जुलै २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या ७८७ विमानात, मागील बाजूस छताजवळ, आपत्कालीन स्थाननिदर्शकाच्या लिथियम बॅटरीमुळे आग लागली. बॅटरीची ऊर्जा संपल्यावरही कवचातल्या रेझीनच्या इंधनावर ती धुमसत पसरत राहिली. अशा वेळी जळालेला भाग कुणालाही दिसतो. खरा प्रश्न त्याच्या भोवतीच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या पट्ट्याचा असतो.

कार्बन तंतू उष्णतेला चांगले तोंड देतात; आधी बिघडते ते रेझीन. त्याचे ऑक्सिडीकरण होते, रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि थरांना एकमेकांशी धरून ठेवणारी ताकद घटते. फोड येणे, थर सुटणे हे त्यानंतरचे. अल्ट्रासाऊंड तपासणी पोकळ्या आणि भेगा दाखवते. त्या पडण्याआधीची ही झीज तिच्या हाती सहसा लागत नाही. म्हणूनच ही अवस्था सर्वांत धोक्याची मानली पाहिजे.

अशा जागी लेझरचा प्रकाश टाकला की रेझीन स्वतः मंद चमकते. यालाच अनुस्फुरण म्हणतात. रेझीन जसजसे जास्त तापलेले असेल, तसतशी ही चमक लांब तरंगलांबीकडे, म्हणजे तांबड्या बाजूला सरकते. हानी वाढली की ती फिकीही पडते. कॅमेऱ्याने हा बदल टिपून हानीचा नकाशा काढता येतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात या पद्धतीवर पायाभूत काम केले.

काळा कार्बन प्रकाशाला आत जाऊ देत नाही, त्यामुळे परीक्षा होते ती केवळ पृष्ठभागाची. आधी रंग काढावा लागतो. मग एकेक थर घासून प्रत्येक वेळी प्रतिमा घेतली, तर निरोगी रेझीन किती खोलीवर लागते ते कळते आणि दुरुस्तीत नेमके तेवढेच कापता येते. रेझीनचा प्रकार बदलला की तुलनेसाठी ज्ञात तापमानाला तापवलेले नमुने नव्याने तयार करावे लागतात. ठरावीक तापमान ओलांडल्यावर चमकू लागणारे रंगरेणू रेझीनमध्ये किंवा लेपात आधीच मिसळण्याचे प्रयोगही झाले आहेत.