गासडीच्या पोटात काय आहे?

रुईची गासडी दाबयंत्रात घातली म्हणजे तिचा आकार घटतो. आत दगड असेल तर तो मात्र तसाच राहतो. कापसातील अशा लबाडीला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली कायदा करावा लागला. ई-मेलला जोडून येणाऱ्या दाबलेल्या फायलींचा इतिहास वाचताना आम्हांस ही गासडी आठवते.

दाबण्याची विद्या मूळची निर्मळ. १९५२ साली डेव्हिड हफमन यांनी दाखविले की, वारंवार येणाऱ्या अक्षरास आखूड व क्वचित येणाऱ्यास लांब खूण दिली की जागा वाचते. १९७७ साली याकोव झिव्ह व अब्राहम लेम्पेल यांनी दुसरी युक्ती मांडली: एकदा आलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी पाहा’ एवढेच लिहावे. १९८९ साली अमेरिकेत फिल कॅट्झ यांनी झिप प्रकार प्रचारात आणला आणि त्याची रचना सर्वांस खुली केली.

पुढे या गासडीत दगड शिरले. मे २००० मध्ये प्रेमपत्राचे सोंग घेतलेली एक फाइल फिलिपिन्समधून जगभर पसरली. ती झिप नव्हती. पण विंडोजने नावाचे शेपूट लपविल्यामुळे आज्ञावली साध्या मजकुरासारखी दिसली. २००४ साली बेगल नावाच्या कृमीने झिपला कुलूप घातले आणि किल्ली पत्रातच लिहून दिली. पहारेकऱ्यास आत पाहता येईना; वाचणारा मात्र आपल्याच हाताने कुलूप उघडी. २०१९ साली तर विनरार या गाठ सोडणाऱ्या साधनातच एकोणीस वर्षांचे जुने भगदाड सापडले.

जुन्या संगणकाचे दुखणे इथेच आहे. विंडोज एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सातची १४ जानेवारी २०२० रोजी सर्वसाधारण ग्राहकांसाठी थांबली. तरी संघटनेच्या कचेरीत, पतपेढीत असे यंत्र राबत असते, आणि सभासदांची यादी त्याच्याच पोटात असते.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. न मागितलेली झिप आली, तर पाठविणाऱ्यास फोन करून विचारावे. नावांची शेपटे दिसतील अशी सोय आधी करून ठेवावी. गाठ सोडण्याचे साधन, त्या यंत्रावर चालेल तितके नवे ठेवावे. झिप उघडली तरी आधी आतील नावे वाचावीत; कागदपत्र म्हणून आलेल्या नावाच्या शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, जेएस किंवा एससीआर असेल, तर हात आवरावा. संशय उरल्यास ती फाइल त्या यंत्रावर उघडूच नये. आणि यादीची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी.

एका चुकीच्या टिचकीचा दोष कारकुनाच्या माथी मारणे सोपे असते. पण जुने यंत्र त्याने निवडलेले नसते. गिरणीत पट्ट्यावर जाळी बसविणे ही मालकाची जबाबदारी, तशी इथेही यंत्र पुरविणाऱ्याची काही जबाबदारी आहे. ती मागून घेणे हेही संघटनेचेच काम, असे आम्ही मानतो.