फिरता गारवा

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. पुण्याच्या वसंताला वसंत म्हणणे शोभते. आमच्या जळगाव-धुळ्याकडे चैत्र सरतो न सरतो तोच पारा बेचाळिशी गाठतो आणि वैशाखात ४५ अंशांच्याही वर जातो. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी ज्या निंबाला झोका बांधतात त्याच्या सावलीतही अंगाला झळ लागते. अशा मुलखात गारव्याचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो, तर त्यात श्रोत्यांना काही अनुचित वाटू नये.

तथापि गारवा एका जागी राखणे ही एक गोष्ट आणि तो चाकांवर घालून नेणे ही अगदी दुसरी. आमचा विषय हा दुसरा आहे. त्याला निमित्तही आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. कॅराव्हॅन म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची आणि अन्न थंड ठेवण्याच्या कपाटाची सोय असलेले फिरते घर. असे घर घेऊन कोणी मे महिन्यात जळगावहून अजिंठ्याकडे निघाला, तर त्याला पहिला प्रश्न पडतो तो फ्रीजचा : घरी जो निमूटपणे चालतो तो येथे दूध का नासवतो? हाच प्रश्न रावेर-सावद्याचा केळी बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या प्रमाणावर विचारीत आला आहे. त्याचे दूध म्हणजे केळीचे घड, आणि त्याचा फ्रीज म्हणजे रेल्वेची वाघीण.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडी नावाचा पदार्थ जगात नाही. असते ती उष्णता, आणि ती एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी टाकता येते, एवढेच. आपला माठ हेच करतो. त्याच्या अंगातून पाझरलेले एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते, आणि आतले पाणी निवते. खानदेशची कोरडी हवा या कामाला फार अनुकूल. मुंबईच्या दमट हवेत माठ रुसतो, येथे तो मन लावून काम करतो. वाळ्याच्या ओल्या पडद्याचे मर्म हेच आहे. उन्हाळ्याने आमच्यावर एवढा एक उपकार केला आहे, तो नाकारू नये. पण माठ हवेहून काही अंशच खाली उतरतो. दूध, मांस, औषध यांना ते पुरत नाही.

मोगलांनी दोन उपाय केले. पाण्यात सोरा विरघळविला की पाणी थंड होते. त्यात तोंड बंद केलेली सुरई काही वेळ फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, असे अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे. १५८६ पासून बादशहाचा मुक्काम लाहोरास असताना उत्तरेच्या पहाडांतून बर्फ येऊ लागला. तो होड्यांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या डोक्यावरून येई. याच बादशहाने १६०१ च्या प्रारंभी असीरगड घेतला आणि खानदेशची फारुकी राजवट संपली. परंतु पहाडातला बर्फ तापीकाठी आणावयाचा तर वाटेत त्याचे पाणी व्हावयाचे. गारव्याचा पल्ला तेव्हा एवढाच होता.

हा पल्ला ओलांडला तो फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून उष्ण देशांत विकावयाचा, ही त्याची कल्पना ऐकून त्याच्या गावचे लोक हसले होते. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ आला. जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलविले आणि यजमानासह मंडळींना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईकर अजून चवीने सांगतात. मद्रासेत या बर्फासाठी बांधलेले घर पुढे स्वामी विवेकानंदांच्या वास्तव्याने प्रसिद्ध झाले. ते आजही उभे आहे.

ट्यूडरने जहाजात कोणतेही यंत्र ठेविले नव्हते. त्याने बर्फाच्या लाद्या एकमेकींना घट्ट भिडवून रचल्या, म्हणजे फार मोठ्या ढिगाला त्या मानाने थोडेच उघडे अंग राहिले, आणि भोवती लाकूड, साली, गवत, पुढे लाकडाचा भुसा यांचे जाड पांघरूण घातले. उष्णतेला आत शिरण्याची वाट अडविली, एवढेच. आज कॅराव्हॅनच्या कपाटाचे दार दर पाच मिनिटांनी उघडून पाहणाऱ्या पोराबाळांना हा धडा प्रथम द्यावा.

आता यंत्राकडे येऊ. फर्दिनां कारे या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली अमोनिया व पाणी यांच्या जोडीवर चालणारे शीतयंत्र सिद्ध केले. ते उष्णतेवर चालते, हे त्याचे आश्चर्य. चुलीवर ठेवावे आणि बर्फ मिळावा, ही गोष्ट आमच्या आजीबाईंना सांगितली असती तर त्यांनी आम्हाला वैद्याकडे धाडले असते! १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशाळेतील दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, त्यातला पंप काढून टाकला आणि हलता भाग मुळीच नसलेले कपाट रचले. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने ते बाजारात आणले. वीज न पोचलेल्या गावांतील दवाखाने आणि बंगले यांत रॉकेलच्या दिव्यावर चालणारी जी कपाटे असत ती याच जातीची. आइन्स्टाईन आणि लिओ झिलार्ड यांनाही या खटाटोपाचा मोह आवरला नाही. १९३० साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, पण ते कपाट कोणाच्या स्वयंपाकघरात गेले नाही.

प्लाटेन-मुंटर्स यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुष्कळ कॅराव्हॅनमध्ये तीच असते. अमोनिया वायू पाण्यात मोठ्या आवडीने विरघळतो. ते पाणी गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या तारेने तापविले की वायू सुटतो. कपाटाच्या पाठीमागील नळ्यांत तो बाहेरच्या हवेने निवतो आणि द्रव होतो. हा द्रव आतल्या नळ्यांत उतरला की हायड्रोजनच्या सहवासात त्याची पुन्हा वाफ होऊ लागते, आणि माठाच्या पाण्याप्रमाणेच तो जाताना आतली उष्णता उचलून नेतो. मग तो पुन्हा पाण्यात विरघळतो. हा फेरा चालू ठेवण्यास पंप नाही. द्रव उतारावरून आपल्या वजनाने वाहतो. म्हणूनच उभी केलेली गाडी कलती असली की फेरा अडतो, ज्योत जळत राहते आणि कपाट कोमट होते. फर्दापूरजवळच्या चढउतारांवर गाडी लावणाऱ्याने आधी जमीन समतल आहे की नाही ते पाहावे. चाकाखाली फळी सरकविण्याचा आळस करणाऱ्याने नासलेल्या दुधाबद्दल स्वीडनला दोष देऊ नये.

दुसरे मर्म पाठीमागच्या नळ्यांत आहे. आतली उष्णता शेवटी तेथून बाहेर पडावयाची, आणि बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर तिने ती घ्यावी कशी? या जातीचे कपाट सामान्य मानाने बाहेरच्या हवेहून वीस-पंचवीस अंश खाली जाते. हिशेब सोपा आहे : महाबळेश्वरी २८ अंशांत ते चारपाच अंशांवर येईल, जळगावच्या मेमध्ये वीस अंशांवर थबकेल. अन्न सुखरूप राहावयास पाच अंशांच्या आसपास यावे लागते. म्हणून गाडी अशी उभी करावी की कपाटाची बाजू सावलीत येईल. मागची जाळी मोकळी ठेवावी आणि तेथे एक छोटा पंखा बसवावा. पंप असलेले, बॅटरीवर चालणारे कंप्रेसरचे कपाट आमच्या हवेत यापेक्षा पुष्कळ सरस ठरते आणि गाडी थोडी कलल्याने रुसत नाही. तथापि त्यालाही उष्णता टाकण्यास जागा हवीच.

तिसरे मर्म सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच आम्हाला केळीकडे नेते. गाडीतले छोटे यंत्र गार वस्तू गार राखू शकते, पण तापलेल्या वस्तू गार करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. जाणते लोक निघण्याच्या आदल्या रात्रीच कपाट सुरू करतात आणि घरच्या फ्रीजमध्ये थंड केलेले जिन्नसच त्यात भरतात. उन्हात तापलेल्या बाटल्यांची पेटी त्यात कोंबली की दिवसभर यंत्र त्या बाटल्यांशीच झगडत बसते.

आता बाटल्यांच्या जागी दहा टन केळी घ्या. उन्हातून आलेला घड ४० अंशांवर असतो, आणि प्रवासात त्याला १३ अंशांच्या आसपास ठेवावयाचे आहे. ही सत्तावीस अंशांची उष्णता केवळ बर्फाने काढावयाची म्हटले, तर आमच्या हिशेबाने सुमारे २,७०० किलो बर्फ वितळावा लागेल. डब्याच्या भिंतींतून शिरणारी उष्णता यात धरलेलीच नाही. शिवाय केळे बाटलीसारखे निर्जीव नव्हे. तोडल्यावरही ते श्वास घेते, स्वतः ऊब निर्माण करते, आणि पिकू लागले की एथिलीन वायू सोडून शेजारच्या फण्यांना पिकविते. उलट ते फार थंडही करून चालत नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली गेले की साल काळवंडते, आणि मग ते धड पिकतही नाही. वरून ४५ आणि खालून १२ अशा दोन भिंतींमधून त्याला न्यावयाचे असते.

इतर देशांनी हे कसे साधले? अमेरिकेत गुस्टाव्हस स्विफ्ट याने १८७८ नंतर मांसासाठी बर्फाच्या रेल्वेगाड्या चालविल्या. त्याच्या इंजिनिअराने बर्फ डब्याच्या वरच्या अंगास ठेविला, कारण थंड हवा आपोआप खाली उतरते. १९०१ साली ‘पोर्ट मोरंट’ हे शीतयंत्र बसविलेले जहाज जमैकाची केळी घेऊन इंग्लंडात एव्हनमथ बंदरात आले, आणि तेथपासून केळे हे इंग्रजांचे रोजचे फळ होऊ लागले. आमच्याकडे रेल्वेतील गारवा प्रथम लाभला तो माणसांना. १९३४ साली फ्रंटियर मेलला बर्फाच्या लाद्यांवर गार होणारा डबा लागला. ती गाडी सुरतेच्या वाटेने जाई. भुसावळवरून धावणाऱ्या पंजाब मेलला वातानुकूलित डबा १९४५ साली मिळाला. त्याच रुळांवरून उत्तरेकडे जाणाऱ्या केळीच्या नशिबी मात्र हवेशीर वाघीण आणि केळीच्याच पानांचे अंथरूण होते. सावदा, निंभोरा, रावेर येथून माल चढावयाचा आणि सुमारे १,१०० किलोमीटरवरच्या दिल्लीस जावयाचा. गाडी वाटेत एखाद्या यार्डात दिवसभर तापत उभी राहिली की घडांचा मध्यभाग आतल्या आत पिकून जाई. तोटा कोणाचा, हे सांगावयास नको. वाघिणीला तोटा होत नसतो.

२०२० च्या ऑगस्टात देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली. पुढे रावेर-सावद्याची केळीही अशा खास गाड्यांनी दिल्लीच्या आदर्श नगरला गेली, आणि काही काळ भाड्यात निम्मी सवलत मिळाली. वेळ वाचला, हे निःसंशय मोठे काम झाले. पण वेग आणि गारवा या दोन गोष्टी आहेत. आमच्या चर्चांत पहिलीचा गजर फार होतो आणि दुसरीचा विसर पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. शीतडबे मागणे योग्यच, पण तापलेला घड उत्तम शीतडब्यात भरला तरी कॅराव्हॅनमधल्या बाटल्यांचीच कथा तेथे घडते. खरा गारवा स्टेशनावर नव्हे, बागेच्या बांधाजवळ भरावा लागतो. पहाटे तोड, फण्या सुट्या करून पाण्यात धुणे, खोक्यात भरणे आणि काही तास पूर्वशीतन, म्हणजे शीतगृहात ठेवून फळातली शेताची ऊब काढून टाकणे, हा तो क्रम. परदेशी जाणारी केळी याच क्रमाने जातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या परिसरातील केळी २०२१ मध्ये दुबईस गेली, ती उन्हातून उचलून डब्यात टाकलेली नव्हती.

ज्याची बाग दोन एकरांची आहे आणि ज्याचा माल व्यापारी बांधावरच तोलून ट्रकमध्ये टाकतो, त्याला एकट्याने असे शीतगृह बांधणे परवडत नाही. पाचपन्नास जणांनी मिळून बांधावे म्हटले, तरी ऐन तोडीच्या हंगामात वीज किती तास टिकते हा प्रश्न उरतोच. वीज गेली की ४५ अंश बाहेर वाट पाहत उभे असतात, आणि खोलीतला माल जितका भरगच्च तितकी आतली ऊबही जास्त. म्हणून रावेर-यावलची केळी आजही पुष्कळशी तापलेल्या अंगानेच उत्तरेस जातात. दिल्लीच्या आझादपूर बाजाराजवळ ती पिकवणगृहात उतरतात. तेथे सोळा ते अठरा अंशांत, एथिलीनच्या मोजक्या मात्रेवर चारपाच दिवस काढतात. रावेरहून निघालेल्या फळाला पहिला खरा गारवा तेथे भेटतो, आणि तोही ते पिकावे म्हणून दिलेला. तेथून ते पुन्हा हातगाडीवर चढते, दिल्लीच्या उन्हात.